योगेश, मी त्यांना दारोदार नेलं

योगेश,

तुझ्या उत्तरकार्याच्या दिवशी तुझे भाऊजी मांडवात सगळ्यांत पुढे बसले होते. पांढरा शर्ट, हातात रुमाल. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "सख्ख्या भावासारखा होता हो माझ्या." मी आत आईच्या शेजारी बसून उघड्या दारातून त्यांच्या पाठीकडे बघत होते. ज्या माणसाबरोबर मी धुळ्यात संसार केला, मुलगा वाढवला, त्याची कॉलर धरून त्याला मांडवाबाहेर काढावं असं मला वाटत होतं. बायका एकमेकींना म्हणत होत्या, बहिणीला धक्का बसलाय, रडू द्या तिला. मला रडायचं नव्हतं. मला कोणाला तरी रडवायचं होतं.

तुझ्या शाळेचीही माणसं आली होती. मुख्याध्यापकांनी भलामोठा हार आणला. त्याआधी त्यांनी शाळेच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'विद्यार्थिप्रिय गणित शिक्षक'. फेब्रुवारीत ज्यांनी तुला वर्गातून उठवून ऑफिसातल्या कोपऱ्यात बसवलं, त्यांनी हे लिहिलं. मी तो हार तुझ्या फोटोला घालू दिला नाही. त्यांच्या हातातून घेतला आणि बाहेरच्या कठड्यावर ठेवला. एप्रिलचं ऊन, बघता बघता फुलं करपली. बाकीचे आपापल्या चपला शोधू लागले. तुझे भाऊजी मात्र वळून माझ्याकडे बघत राहिले. आता आपली पाळी आहे हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

मार्चमध्ये तू मला शपथ घातली होतीस. जळगावच्या मेहरूण तलावाच्या कडेला आपण गाडीत बसलो होतो. तू म्हणालास, "अक्का, भाऊजींना यातलं काही बोलू नकोस. माझं व्हायचं ते झालं. तुझं घर आहे ते."

"असलं घर काय करायचंय मला?"

तू माझा हात धरून ठेवलास. "माझ्यासाठी."

तू होतास तोवर मी गप्प राहिले. त्यांना वाढलं, त्यांच्याशी बोलले, सणवार केले. घशाशी आलेलं रोज गिळलं. तू गेलास तशी ती शपथही गेली. तुझ्या मनात तसं नव्हतं, मला ठाऊक आहे. पण आता तू मला अडवू शकत नाहीस.

लोकांनी तुझ्याबद्दल काय काय ऐकलं ते माझ्या कानात अजून वाजतं. म्हणून जे खरं घडलं ते मी पुन्हा एकदा तुझ्यापाशी बोलून घेते.

जानू झाली तेव्हापासून तू तिला उचलून घेईनास. पाळण्याजवळ बसायचास, ते दोन्ही हात मांडीखाली दाबून. पाहुण्यांनी अर्थ लावला, मुलगी झाली म्हणून सर नाराज आहेत. वर्षा ते ऐकून रडायची. तू बायकोलासुद्धा खुलासा केला नाहीस. घरातली सुरी, कात्री, विळी तू कपाटात ठेवून किल्ली तिच्याकडे दिलीस. जानू गच्चीवर आली की तू खाली उतरायचास. आणि मग कितीतरी वर्षांनी, मला धुळ्याला सोडायला येत होतास तेव्हा, पारोळ्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतलीस आणि समोर बघत म्हणालास, "अक्का, मला सारखं वाटतं की मी जानूला मारीन."

मी म्हटलं, "तू? घरात सापडलेला उंदीर तू तलावापर्यंत नेऊन सोडतोस."

"तेच तर. मला तसं करायचं नाही, म्हणून तर जीव जातो. पण डोकं ऐकत नाही. तिच्याकडे बघितलं की डोळ्यांपुढे चित्र येतं. मग मी आकडे मोजतो, देवाचं नाव घेतो, स्वतःचे हात तपासतो. वर्षाला विचारतो, मी काही केलं नाही ना? ती म्हणते, नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारतो."

ट्रक धाडधाड जात होते आणि आपली गाडी हलत होती. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तू म्हणालास, "तू तरी जानूला माझ्याजवळ बसू देशील ना?" मी म्हटलं, "माझा मुलगाही देईन." तेव्हा तू रडलास.

मग डॉक्टरबाई भेटल्या. तुझ्याच जळगावातल्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी त्याला नाव दिलं, ओसीडी. मी विचारलं, तो तर सारखे हात धुणाऱ्यांचा आजार ना? त्या म्हणाल्या, "कोणाचा हातांवर येतो, कोणाचा मनात राहतो. जे सगळ्यांत प्रिय असतं त्याच्याभोवतीच पुष्कळदा तो विळखा घालतो. तुमचा भाऊ त्या विचारांना भितो, कारण ते त्याचे नाहीत. मुलीला त्याच्यापासून धोका नाही. तोच बिचारा रात्रंदिवस पहारा देत बसलाय." त्या एवढं बोलल्या आणि तू खुर्चीत मागे टेकलास. इतक्या वर्षांत तू पाठ टेकून बसलेला मी पाहिला नव्हता.

गोळ्या चालू झाल्या, वाढवल्या, बदलल्या. थोडा फरक पडायचा, पुन्हा तेच. विचारांना तोंड देण्याचा सराव त्या शिकवायच्या, पण भीतीच इतकी की तू पहिल्या पायरीवरून परत फिरायचास. शेवटी त्यांनी केटामाइनचं काढलं. मी तिथेच होते. त्यांनी काही लपवलं नाही.

"हे भुलीचं औषध आहे. ऑपरेशनला वापरतात. अगदी कमी मात्रेत, सलाइनमधून सावकाश दिलं तर काही रुग्णांचा हा आजार काही दिवस सैल पडतो, असं दिसलंय. सगळ्यांचा नाही. अजून हा पक्का ठरलेला उपचार नाही. आणि फरक पडला तरी तो आपोआप टिकत नाही. जे मोकळे दिवस मिळतील त्यात सराव करायचा. औषध दार उघडेल, चालायचं तुम्हालाच."

तू म्हणालास विचार करून सांगतो. आणि विचार करायला कोणाकडे गेलास? तुझ्या भाऊजींकडे. औषधाच्या धंद्यातला माणूस, मेडिकलचं दुकान, त्यांना कळेल म्हणून. त्यांना सगळं सांगितलंस. औषधाचं सांगितलंस, आणि औषध कशासाठी तेही सांगितलंस. जानूचं.

यावरून मी तुझ्याशी अजून भांडते आहे. काउंटरमागे उभा राहणारा प्रत्येक माणूस दुखण्याची लाज राखतो असं तुला कोणी सांगितलं? ते तुला म्हणाले, "जनावरांना गुंगी देतात त्याने. पोरं नशा करतात त्याची. तू या भानगडीत पडू नकोस." तू ऐकून घेतलंस, आभार मानलेस आणि डॉक्टरबाईंना होकार कळवलास. आपलं ऐकलं नाही, हा डंख त्यांच्या मनात राहिला. योगेश, तुला माणसांचं गणित कधी जमलंच नाही.

दिवाळीनंतर पहिलं सलाइन लागलं. हृदयाचा आलेख, रक्तदाब, सगळं तपासून झालं होतं. भूलतज्ज्ञ उशाशी, डॉक्टरबाई पायथ्याशी, मी कोपऱ्यात स्टुलावर. थोड्या वेळाने तू छताकडे बघत म्हणालास, "अक्का, माझे पाय कुठे गेले?"

"इथेच आहेत."

"असू देत," म्हणालास, जणू कोणी तुझी सायकल मागून नेली होती. मग तुझ्या डोळ्यांतून पाणी येऊन कानांत उतरत राहिलं. मी पुसायला उठले, तर डॉक्टरबाईंनी खुणेने थांबवलं. नंतर तुला मळमळलं, डोकं जड झालं. दुपार गेल्यावर म्हणालास, "शेवभाजी खावीशी वाटतेय." त्या दिवशी नको, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, तर लहान मुलासारखा रुसलास.

दोन दिवसांनी तुझा फोन आला. आवाजच निराळा. "अक्का, विचार येतोय. पण शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखा. ऐकू येतो, पण माझ्या घरात नाही तो." मी फोन कानाला धरून ओट्याशी उभी राहिले. दूध उतू गेलं, तरी हलले नाही.

पहिल्यांदा तू जानूशेजारी नुसता बसलास, हात मोकळे ठेवून. मग तिच्याबरोबर कात्रीने कागद कापलेस. वर्षाने कपाटाची किल्ली खुंटीला लावली. अधूनमधून पुन्हा सलाइन लागे. प्रत्येक वेळी तू थोडा पुढे जायचास, थोडा मागे यायचास. मागे आलास की डॉक्टरबाईंना फोन करायचास, वर्षाला 'मी काही केलं नाही ना' विचारायचा नाहीस. त्याच दिवसांत तू मला तलावाच्या रस्त्यावर गाडी शिकवलीस. भाऊजी म्हणायचे, हिला काय करायचीय गाडी. तू म्हणालास, "अक्का, भीती वाटते तोवर क्लच सोडू नये असं काही नाही. भीतीसकट सोडायचा." मी तीनदा गाडी बंद पाडली आणि जानू मागच्या सीटवर हसून लोळली. त्या हिवाळ्याबद्दल मी तुझी, डॉक्टरबाईंची, त्या औषधाचीही ऋणी आहे. नाहीतर तू हसतोस कसा हे मी विसरले असते.

आणि मग ती भरीत पार्टी. शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, धुराने सगळ्यांचे डोळे लाल. तू चटईवर बसून कांद्याची पात चिरत होतास. जानू तुझ्या मांडीला टेकून शेंगदाणे सोलत होती. तुझ्या हातात सुरी, शेजारी तुझी मुलगी, आणि तू तिला सतराचा पाढा विचारत होतास. वर्षा मला म्हणाली, "ताई, बघितलंत?" आम्ही दोघी वांग्यांची सालं काढत काढत रडलो आणि धुराचं नाव पुढे केलं.

तुझे भाऊजीही बघत होते. पुरीचा घास हातात तसाच. धुळ्याला परतताना गाडीत म्हणाले, "त्याला पोरीजवळ सुरी घेऊन बसू देता तुम्ही?" मी त्यांना सगळं समजावलं, डॉक्टरबाईंचे शब्दन् शब्द सांगितले. ते हं हं करत राहिले.

त्याच आठवड्यात त्यांनी वर्षाच्या वडिलांना चाळीसगावला फोन केला. तुमची नात सुरक्षित नाही. जावई नशेचं इंजेक्शन घेतो. मग तुझ्या मुख्याध्यापकांना केला, ते त्यांचे कॉलेजातले दोस्त. तुमच्या शाळेत असा माणूस आहे, म्हणून कानावर घालतो. आणि मग दुकानात. काउंटरवर कोपर टेकून, चहाच्या घोटाबरोबर, "आमच्या मेहुण्याचं काय सांगू तुम्हाला..."

पुढचं तुला माहीत आहे, तूच ते भोगलंस. पालक शाळेत आले. तुला वर्ग देणं थांबलं. फळ्यापुढे उभा राहिलास की तुझ्या डोक्यातलं सगळं शांत व्हायचं, ती एकच जागा तुला होती. वर्षाचे वडील गाडी घेऊन आले आणि तिला आणि जानूला घेऊन गेले. वर्षा गेली, कारण बाप उंबऱ्यात रडत होता. तिच्यावर माझा राग आहे, पण तो मी नंतर बघेन. सासऱ्यांनी अट घातली, ते इंजेक्शन बंद करा, मग बघू. डॉक्टरबाई परोपरीने म्हणाल्या, आत्ता सोडू नका. तू सोडलंस.

का रे सोडलंस? मी तलावाकाठी तुला हेच विचारलं होतं. तू म्हणालास, "जानू परत येईल." मी म्हटलं, "ते तुला नुसतं खेळवताहेत." तू म्हणालास, "अक्का, त्यांच्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो." तुझं हे समजून घेणं, योगेश. जे तुला ओरबाडत होते त्यांनाही तू समजून घेतलंस. तुझ्या वाटणीचा राग तू कधी वापरलाच नाहीस, तो सगळा माझ्याकडे साठला. जानू आली नाही. विचार परत आले. तू घरातल्या सुऱ्या पुन्हा कपाटात ठेवल्यास, घरात मुलगी नसताना.

आणि एप्रिलच्या एका सकाळी, तलावाला फेरी मारताना तुझ्या छातीत कळ आली आणि लोकांनी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आपले वडीलही असेच गेले होते. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांत आतल्या आत साचलेलं होतं, साध्या आलेखात ते दिसतंच असं नाही. केटामाइन बंद होऊन दोन महिने उलटले होते, त्याचा संबंध नाही. म्हणजे तुला अमक्याने मारलं असं मला म्हणता येत नाही. तेवढंही सुख माझ्या वाट्याला नाही. त्यांनी तुझा जीव घेतला नाही. तुझे शेवटचे महिने घेतले, तुझा फळा घेतला, तुझ्या मांडीला टेकणारी मुलगी घेतली. एवढ्याची शिक्षा कुठल्या कायद्यात नाही. म्हणून ती मला ठरवावी लागली.

पाहुणे पांगल्यावर तुझे भाऊजी मला म्हणाले, "चल, निघू या आता. दुकान किती दिवस बंद ठेवायचं?"

"तुम्ही जा. मी येत नाही."

"म्हणजे?"

"जिथे जिथे बोललात तिथे जाऊन परत बोला. आधी खोटं बोललात, आता खरं बोला. मी बरोबर येईन. तोवर धुळ्याचं घर माझं नाही."

"मी काळजीपोटी बोललो."

"वर्षाच्या वडिलांशी बोललात, ते काळजीपोटी धरू. दुकानात कोणाची काळजी होती?"

आई पलंगावर पडून होती. हे कोणी पसरवलं ते तिला माहीत नव्हतं, तूच तिला कळू दिलं नव्हतंस. ती उठून बसली, जावयापुढे पदर सारखा केला आणि विचारलं, "तुम्ही सांगेल व्हतं का?" ते रुमालाची घडी घालू लागले. आई म्हणाली, "मना पोऱ्या तसा नव्हता," आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवी झाली. जावयाकडे पाठ करून माझी आई आयुष्यात पहिल्यांदा झोपली. दुसऱ्या दिवशी ते तयार झाले.

गाडी मी चालवली. ते शेजारी बसले. सुरुवात त्यांच्याच दुकानापासून केली. संध्याकाळची नेहमीची मंडळी जमली होती. मी स्टूल ओढून काउंटरसमोर बसले. त्यांनी घसा साफ केला. "योगेशबद्दल मी जे बोललो होतो, त्यात माझा जरा गैरसमज झाला होता."

"गैरसमज नव्हता," मी म्हटलं.

"म्हणजे मी थोडं वाढवून..."

"खोटं."

त्यांनी काउंटरवरची बिलं सारखी केली. मग ते म्हणाले, "मी खोटं बोललो. तो नशा करत नव्हता. डॉक्टर उपचार देत होते. आणि त्याने पोरीला कधी बोटही लावलं नसतं."

कापडाच्या दुकानाचे शेठ म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, माणूस गेला बिचारा." मी म्हटलं, "गेला म्हणूनच आले." आणखी एक जण हसून म्हणाला, "आम्ही तर विसरूनही गेलो होतो ती गोष्ट." त्या हसण्याने माझ्या अंगाची आग झाली. ज्या गोष्टीने तुझा संसार मोडला ती यांना नीट लक्षातही नव्हती. चहाबरोबर ऐकली आणि कपाबरोबर विसळून टाकली. मी त्या माणसाला म्हटलं, "आता हे लक्षात ठेवा. मी अधूनमधून येऊन विचारीन." तुझे भाऊजी घामाने भिजले होते. मला बरं वाटलं, योगेश. खोटं कशाला सांगू.

मुख्याध्यापकांच्या बंगल्यावर जास्त वेळ लागला. त्यांनी सरबत मागवलं, शाळेची प्रतिमा, पालकांचा दबाव, सगळं बोलून झालं. तुझ्या भाऊजींनी आपलं वाक्य म्हटलं, आता ते त्यांना पाठ झालं होतं. मग मी सरांना म्हटलं, "ज्या ग्रुपवर विद्यार्थिप्रिय लिहिलंत तिथेच लिहा, तुम्ही काय केलंत ते." बघतो म्हणाले. मी म्हटलं, बघा, मी बसते. सरबतातला बर्फ विरघळून गेला. शेवटी त्यांनी चष्मा लावून टाइप केलं, योगेश सरांवर रीतसर उपचार चालू होते, त्यांना वर्गापासून दूर ठेवणं ही आमची चूक होती. मी म्हटलं, "आमची नाही. माझी." त्यांनी शब्द बदलला. मग फोन एकसारखा वाजू लागला, तुझ्या विद्यार्थ्यांचे निरोपावर निरोप. सर फोन उलटा करून बसले. मी उठले.

चाळीसगावला जायच्या आधी मी डॉक्टरबाईंना भेटले. त्यांना तुझं कळलं होतं. त्यांनी तुझी फाइल काढून पुढ्यात ठेवली. मग म्हणाल्या, "मुलीला कोणीतरी खरं सांगायला हवं. नाहीतर आपल्या बापाला आपण नकोशी होतो, हेच मनात घेऊन ती मोठी होईल." मी सुडाच्या भरात निघाले होते, जानूचा विचार माझ्या आधी त्यांनी केला.

काल गेलो. दुपारचं ऊन, रस्त्यात कुत्रंही नाही. वर्षाचे वडील दारात आले, या म्हणाले, पंख्याखाली बसवलं. वर्षा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. तुझे भाऊजी बोलले. या वेळी मला काही सुधारावं लागलं नाही. वर्षाच्या वडिलांनी गुडघ्यावर हात ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "झालं गेलं. आता उकरून काय हाती लागणार?"

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. जानू. तिने सगळं ऐकलं होतं. तुझ्या कार्यालाही तिला आणलं नव्हतं; उंच झाली आहे, तुझ्यासारखं कपाळ. ती सरळ तुझ्या भाऊजींसमोर येऊन उभी राहिली.

"म्हणजे बाबा मला मारणार नव्हते?"

ते माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "मला नाही, तिला सांगा."

"नाही बेटा," ते म्हणाले. "कधीच नाही." त्यांचा आवाज फुटला. मी इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते रडू त्यांना आलं, पण ते बघायला मी मोकळी नव्हते, माझं लक्ष जानूकडे होतं.

जानू आजोबांकडे वळली. "मग मला बाबांकडे का जाऊ दिलं नाही?"

म्हातारे म्हणाले, "बाळ, तेव्हा आम्हाला वाटलं..." आणि चष्मा काढून पुसू लागले. वर्षाने तोंडाला पदर लावला. मी मधे पडले नाही. त्या खोलीत ज्याने त्याने आपापलं उत्तर शोधायचं होतं, आणि एकाकडेही ते नव्हतं. तुझी मुलगी वाट बघत उभी राहिली, वर्गात तू पोरांच्या उत्तराची वाट बघायचास तशी, घाई न करता. मग तिला कळलं की कोणी बोलणार नाही.

ती आत गेली. माठाचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये एकच ग्लास. आजोबांच्या समोरून गेली, तुझ्या भाऊजींच्या समोरून गेली, आणि तो माझ्यापुढे धरला.

"घे, आत्या."

तुझे भाऊजी त्या ग्लासाकडे बघत होते, ओठ कोरडे पडलेले. मी ग्लास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते पाणी सावकाश, पार तळापर्यंत प्यायले.